गडाच्या टेकडीवरची पायवाट: प्रकल्प नोंदी, ऑक्टोबर ते जुलै

ठिकाण: नागपूरच्या ईशान्येला, साग-धावडा-सालईच्या मिश्र जंगलातली टेकडी, माथ्यावर पडझड झालेला गड. वाट खुली होईपर्यंत नोंदीत गडाचं नाव लिहायचं नाही असं ठरलंय. रविवारच्या गाड्या आत्ताच नकोत. काम वनविभागाच्या परवानगीनं, गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत. गावातले सहा मजूर आणि एक मेट (मुकादम) रोज, नागपूरहून येणारे आठ-दहा जण शनिवार-रविवार.

१९ ऑक्टोबर. पाहणी

सध्याची वाट पायथ्याच्या मोहापासून पहिल्या दरवाजापर्यंत सरळ वर जाते. लांबी ४२० मीटर, चढ ९६ मीटर, म्हणजे सरासरी २३ टक्के. दोन तुकडे ३५ टक्क्यांच्या वर.

उंची मोबाइलवर मोजली नाही, मोबाइलची उंची झाडाखाली दहा-पंधरा मीटरनं इकडेतिकडे होते. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घेतली: २० मीटर नळी, दोन काठ्या, पाण्यात थोडी नीळ म्हणजे पातळी लांबून दिसते. एका टप्प्यात १.२ मीटरच्या आसपास उंची मिळते, एकूण ८३ टप्पे. नळीत बुडबुडा राहिला की वाचन चुकतं, म्हणून दर दहा टप्प्यांनी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते पाहिलं.

वाटेचं दुखणं उघड आहे. टेकडीवरून पाणी ज्या दिशेनं खाली येतं, त्याच दिशेनं वाट आहे. पहिल्या पावसात ती नाला होते. मधल्या तुकड्यात ४५ सेंटिमीटर खोल घळ पडली आहे, सागाची मुळं उघडी. घळीतून चालता येत नाही म्हणून लोक कडेनं चालतात, कडेचं गवत मरतं, तीही घळ होते. मूळची मीटरभराची वाट काही ठिकाणी साडेचार मीटर रुंद झाली आहे.

अशा वाटेवर मुरूम टाकणं म्हणजे दरवर्षी तोच मुरूम पायथ्याच्या बोडीत (लहान तळ्यात) नेऊन घालणं. पायऱ्या बांधाव्यात अशी सूचना आली, पण पाणी पायऱ्यांच्या पाठीमागून वाट काढतं आणि तीन-चार वर्षांत पायऱ्या नुसत्या दगडांच्या रांगा होऊन उभ्या राहतात. निर्णय: ही वाट बंद, नवी आखणी.

२७ ऑक्टोबर. आखणी

ए-फ्रेमनं रेषा धरली. समतल चरांसाठी वापरतात तीच: दोन बल्ल्या, मधे आडवी पट्टी, ओळंबा. पायांतलं अंतर बरोबर २ मीटर. समतल चराला ओळंबा मध्यावर हवा. आपल्याला चढ हवा, म्हणून खालच्या पायाखाली १६ सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा ठेवला आणि मग ओळंबा मध्यावर आणला. २ मीटरला १६ सेंटिमीटर म्हणजे ८ टक्के.

दोन नियम पाळले. सलग चढ १० टक्क्यांच्या वर न्यायचा नाही, खडक आडवा आला तरच अपवाद. आणि टेकडीचा बाजूचा उतार जेवढा असेल त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ कमी ठेवायचा. बाजूचा उतार ३५ टक्के असेल तर ८ टक्क्यांच्या वाटेवरचं पाणी आडवं घसरून खाली निघून जातं. तोच बाजूचा उतार १२ टक्के असेल तर पाण्याला आडवं जाण्यापेक्षा वाटेनं जाणं सोपं पडतं, आणि मग कितीही चर काढा, ते वाटेवरूनच येतं. सपाट जागी वाट काढायला सोपी वाटते, पण सगळ्यात लवकर खराब होते तीच.

खुणेला लाल सुती चिंध्या, प्लॅस्टिकची फीत नाही. गुरं ती खातात.

आधी पाच ठिकाणं पक्की केली: मोह, गारगोटीसारख्या कठीण खडकाचा पट्टा जिथे सगळ्यात अरुंद आहे ती जागा, खिंड, तुटक्या बुरुजाखालचा सपाट भाग आणि पहिला दरवाजा. मग त्यांच्यामधून रेषा ओवली. दोनदा खाली उतरून परत आखावी लागली. तिसऱ्यांदा गुराख्याला बोलावलं (इकडे त्याला गायकी म्हणतात). गुरं कुठून चढतात ते त्यानं दाखवलं आणि मधला २०० मीटरचा तुकडा तिथेच बसला. भरलेल्या पोटाची म्हैस सहसा खड्या चढानं जात नाही. ए-फ्रेमपेक्षा ती स्वस्त.

९ नोव्हेंबर. घाणेरी आणि तिच्याखालची वाट

खिंडीच्या वर घाणेरीचं रान. नुसती छाटली तर दुप्पट फुटते. पद्धत अशी: खोडाभोवतीची माती थोडी उकरायची, जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर मुख्य मूळ टिकासनं तोडायचं, झुडूप उपटून उलटं टांगायचं किंवा मुळं वर करून ठेवायचं, म्हणजे ओल्या मातीला टेकून परत धरत नाही. पिकलेली फळं असतील तर झुडूप हलवायचं नाही, पाखरांपेक्षा आपणच बी जास्त पसरवतो. मोकळ्या जागेत पुढची दोन वर्षं रोपं उपटत राहावं लागणार, हे आत्ताच वेळापत्रकात लिहून ठेवलं.

घाणेरीखाली जुनी वाट निघाली. खिंडीपासून दरवाजापर्यंत ३१० मीटर, रुंदी अडीच ते पावणेतीन मीटर, खालच्या बाजूला चुन्याशिवाय रचलेली दगडी भिंत. आपली आखणी तिच्यापासून सरासरी चार मीटरवर होती. चढ मोजला: ७ ते ९ टक्के. ए-फ्रेम आणि नळी घेऊन तीन रविवार जे शोधलं ते गड बांधणाऱ्यांनी आधीच करून ठेवलं होतं. आपली रेषा सोडली, जुनी घेतली.

जवळून पाहिलं तर वाटेत दर १२-१५ पावलांवर दगडांची एक तिरपी ओळ आहे. दगड दोन तृतीयांश जमिनीत, वर जेमतेम चार बोटं. ओळ वाटेला काटकोनात नाही, दरीकडे तिरपी. वरून आलेलं पाणी ओळीला लागतं आणि घसरत बाहेरच्या कडेला जातं. तिथे भिंतीत एक दगड मुद्दाम कमी ठेवलेला आहे. ओळ काटकोनात असती तर पाणी अडून गाळ साचला असता आणि दुसऱ्या पावसात पाणी ओळीवरून उडी मारून पुढे गेलं असतं. बहुतेक ओळी मातीनं बुजल्या आहेत, तुटलेली एकही नाही.

१५ नोव्हेंबर. काम बंद. कार्तिक पौर्णिमा, सगळे रामटेकच्या यात्रेला.

१६ नोव्हेंबर. हद्द

राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती कायद्यानं १०० मीटरचा प्रतिबंधित पट्टा असतो आणि त्यापुढे २०० मीटरचा नियंत्रित. गड कोणत्या यादीत आहे यावर न थांबता आम्ही तटापासून तेच अंतर धरलं. तटाच्या १०० मीटरच्या आत कुदळ, सब्बल, सिमेंट आणि खांबाचे खड्डे नाहीत. जुन्या वाटेचा १२० मीटरचा तुकडा या पट्ट्यात येतो. तिथे झाडू, विळा आणि हात एवढंच. पडलेला घडीव दगड दिसला तर तो उचलून पायरीला लावायचा नाही, फोटो काढून जागेवरच ठेवायचा. तटातला पिंपळ उपटायचा नाही. मुळाबरोबर भिंतीचा गाभा बाहेर येतो. ते काम पुरातत्त्व खात्याचं.

मजुरांना हे एकदा सांगून पुरत नाही. पट्टा सुरू होतो तिथे दोन झाडांना दोरी बांधली, हत्यारं दोरीच्या अलीकडे.

१८ नोव्हेंबर. खोदाई सुरू

नवी वाट ८३० मीटर खोदायची आहे. रुंदी १ मीटर. बाजूचा उतार ३५ टक्के धरला तर आतल्या बाजूला ३५ सेंटिमीटर कापावं लागतं, म्हणजे मीटरला ०.१७५ घनमीटर माती. पूर्ण रुंदी कापलेल्या मूळ जमिनीवरच हवी. अर्धी कापायची आणि निघालेली माती बाहेर टाकून उरलेली अर्धी भरून काढायची, यात निम्मा वेळ वाचतो. भराव मात्र पहिल्या पावसाळ्यात खाली बसतो आणि चालणाऱ्याचा बाहेरचा पाय घसरतो.

आज फक्त ९ मीटर झालं, आणि तेही परत करावं लागणार. खोदाई उत्तम होती, चूक वेगळीच. सहाही मजूर रोजगार हमीवर सलग समतल चर खणलेले. हात तसाच चालतो: चर खणायचा, माती खालच्या कडेला रचून थापायची. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ अंगात मुरलेलं. वाटेवर सगळं उलटं. बाहेरच्या कडेला वीतभर जरी बांध राहिला तरी पाणी वाटेवर कोंडतं, लांबवर धावतं आणि घळ पाडतं. मेटला ए-फ्रेम न दाखवता एक डबा पाणी ओतून दाखवलं. तो म्हणाला, “म्हंजे इथं पानी रायलंच नाही पायजे. मंग तसं सांगा नं भाऊ.” त्यानंतर समजवावं लागलं नाही.

ठरलेली पद्धत: निघालेली माती वाटेपासून किमान दोन मीटर खाली भिरकावायची, कडेला ढीग नको. वाटेला बाहेरच्या बाजूला ५ टक्के कल, म्हणजे मीटरला ५ सेंटिमीटर. मोजायला १ मीटरची गवंडी पट्टी, तिच्या बाहेरच्या टोकाखाली ५ सेंटिमीटरचा ठोकळा, बुडबुडा मध्यावर आला की झालं. आतल्या बाजूची माती उभी कापून सोडायची नाही, वर तिरपी घासायची. उभी कड पावसात ढासळते आणि कोसळलेली माती पाण्याला पुन्हा वाटेवर ढकलते. वरची काळी माती आणि पानं वेगळी ठेवली, जुनी वाट झाकायला लागतील.

३ डिसेंबर. उलट चढ

वेग आता दिवसाला २२ ते २८ मीटर.

बाहेरचा कल एकटा पुरत नाही. हजार पावलं पडली की वाटेचा मध्य दबतो, कल जातो, पाणी पुन्हा वाटेनं धावू लागतं. म्हणून २० ते २५ मीटरवर एक उलट चढ: खाली येणारी वाट तीन-चार मीटर किंचित वर चढते, २५-३० सेंटिमीटर, आणि मग पुन्हा उतरते. खोलगटाच्या तळाला पाणी बाहेर पडतं. चालणाऱ्याला तो जाणवतही नाही. आखताना धरला तर फुकट आहे. नंतर घालायचा म्हटलं तर दगड, माती आणि अर्धा दिवस जातो.

एकूण ३४. प्रत्येकाला क्रमांक.

पाण्याच्या तोंडाची रुंदी सुरुवातीला ४० सेंटिमीटर ठेवली होती, ती चूक होती. सागाचं एक वाळलं पान तेवढंच असतं. दोन पानं आडवी बसली की तोंड बंद. आता किमान १ मीटर, आणि तोंडाबाहेर दीड मीटरपर्यंत हाताएवढे दगड पसरलेले, म्हणजे पडणारं पाणी खाली खड्डा पाडत नाही. चाचणी: उलट चढाच्या पाच मीटर वर २० लिटरचा कॅन एकदम ओतायचा. खोलगट ओलांडून पलीकडे पाणी गेलं तर नापास. पहिल्या बारांतले पाच नापास, सगळ्यांचं कारण एकच: वरची बाजू पुरेशी खोल नाही. पायथ्यापासून पाणी वाहून आणावं लागतं, तरी ही चाचणी सोडायची नाही. जूनमध्ये ती निसर्ग घेणारच आहे.

२१ डिसेंबर. पायऱ्या

खडकाच्या पट्ट्यावर दुसरा मार्ग नाही. ८ मीटर आडवं अंतर, ३ मीटरच्या थोडं वर चढ. १८ पायऱ्या, प्रत्येकी १७ सेंटिमीटर, पाऊल ठेवायला ४० सेंटिमीटर, मध्ये एक छोटा टप्पा.

दगडाबद्दल. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा बेसाल्ट बघत वाढलेल्यांना इकडचा दगड नवा. नागपूर शहराच्या आसपास दख्खनचा काळा खडक संपतो. ईशान्येला जुने, भाजून-दाबून घडलेले खडक लागतात. या टेकडीवर दोन प्रकार आहेत. एक पांढुरका, कठीण, फोडला की धारदार कड देणारा क्वार्ट्झाइट. दुसरा चमकणारा, अभ्रकाचा, पापुद्र्यासारखा सुटणारा शिस्ट. शिस्टच्या आयत्या सपाट फरश्या मिळतात म्हणून मोह होतो. ओला झाला की त्याच्यावर पाय ठरत नाही आणि दोन उन्हाळ्यांत पापुद्रे सुटतात. तो फक्त भरावाला वापरला.

६० × ४० × १८ सेंटिमीटरचा क्वार्ट्झाइट साधारण ११० किलो भरतो. चौघं, दोन बल्ल्या, मधे दोराची झोळी. यापेक्षा लहान दगड घेतला तर तो पायाखाली डुलतो. काम खालून वर. पहिली पायरी अर्धी जमिनीत गाडायची, सगळा भार तिच्यावर येतो. वरचा दगड खालच्या दगडावर किमान १० सेंटिमीटर चढलेला हवा. पाठीमागची पोकळी चिपांनी ठोकून भरायची, मातीनं नाही; माती पाण्याबरोबर निघून जाते आणि दगड मागे झुकतो. प्रत्येक पायरीला पुढच्या बाजूला १ सेंटिमीटर उतार, पाणी साचायला नको. दगड बसला की त्याच्या चारही कोपऱ्यांवर उभं राहून डुलवायचं. जरा जरी खट् असा आवाज आला तर काढून परत.

दोन्ही कडांना वेडेवाकडे टोकदार दगड रोवले. ते ओबडधोबड दिसतात आणि तसेच दिसायला हवेत. कडेनं चालणं पायऱ्यांपेक्षा सोपं ठेवलं तर लोक कडेनंच चालतात.

१८ पायऱ्यांना अकरा दिवस लागले.

११ जानेवारी. वळणं, सपाट तुकडा, खाजकुइरी

उलटी वळणं दोनच ठेवली. वळणं जितकी जास्त, तितके मधून कापून जाणारे जास्त. दोन्ही वळणं मोठ्या खडकाला वळसा घालून घेतली, म्हणजे वरची वाट खालून दिसत नाही. जी वाट दिसत नाही तिच्याकडे कोणी सरळ चढत नाही. वळणाची जागा २.४ मीटर रुंद आणि जवळजवळ सपाट, पाणी वळणाच्या आधीच्या उलट चढातून बाहेर.

खिंडीखाली बाजूचा उतार १२ टक्के असलेला ६० मीटरचा तुकडा टाळता आला नाही. तिथे कापायचं नाही, उचलायचं: दोन्ही कडांना दगडांची ओळ, मधे खाली चिपा आणि वर मुरूम, १५ सेंटिमीटर उंच, मध्य किंचित फुगीर. मुरूम बाहेरून न आणता पायऱ्यांच्या खोदाईतला घेतला. बाहेरच्या मातीबरोबर गाजरगवताचं बी येतं.

खाजकुइरीच्या शेंगा वाळल्या आहेत, कोयता लागला की लव उडते. अंगाला लागल्यास चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून ओढायची, मग धुवायचं. वारा वेलीकडून अंगावर येईल असं उभं राहून त्या कापू नयेत हे सांगूनही दोघांनी कापल्या.

२ फेब्रुवारी. जुनी वाट बंद

नुसता ‘रस्ता बंद’ फलक लावून वाट बंद होत नाही. घळीत दर पाच मीटरवर अनघड दगडी बांध घातले, एकूण ३१, उंची ३० ते ४० सेंटिमीटर, मधला भाग खोलगट. इथे मात्र पाणी अडवायचंच आहे, मजुरांनी न विचारता दीड दिवसात काम संपवलं. मधे नोव्हेंबरात राखलेली काळी माती आणि पानं. वरच्या आणि खालच्या तोंडाला पंचवीस-तीस मीटर बोरीच्या काटेरी फांद्या, वाटेसारखं काही दिसणारच नाही अशा पसरलेल्या. दिसेनाशी झाली की वाट लोकांच्या सवयीतूनही जाते. मधला भाग उघडा राहिला तरी चालतं.

१५ फेब्रुवारी. आगीचा हंगाम

आजपासून १५ जूनपर्यंत. सागाची पानगळ जोरात. मोहफूल वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात, पुढे तेंदूच्या फुटव्यासाठीही आग लावतात. मार्च-एप्रिलमधल्या बऱ्याच वणव्यांची सुरुवात अशीच. एक मीटरची पायवाट म्हणजे जाळरेषा (आग अडवायला मोकळा केलेला पट्टा) नव्हे. वारा असला की जळतं पान सहज पलीकडे जातं. तरी वाटेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर पाला ओढून उताराच्या खालच्या बाजूला पसरला. ढीग करायचे नाहीत, जाळायचेही नाहीत. जाळरेषेचं जाळकाम वनरक्षकाच्या देखरेखीखालीच. समितीतल्या मोहवाल्या बायकांशी बोलणं झालं: वाटेलगतच्या नऊ मोहांखाली जाळण्याऐवजी झाडून घेणार, झाडू आपण देणार.

१६ मार्च. मधमाश्या, ऊन

उत्तर बुरुजाच्या छज्जाखाली आग्या मोहोळ, मोजता आली ती सात. वाट बुरुजाखालून नेण्याचा विचार सोडला. धूर, अत्तर आणि ड्रोन, तिन्हींनी त्या उठतात. एकदा उठल्या की उताराच्या वाटेवर पळायला जागा नाही. चालणाऱ्यांचा शेवट आता दुसऱ्या दरवाजाच्या आत, बुरुजापासून लांब. बंदीचा फलक मोहोळाजवळ लावून उपयोग नाही, तो फाटा फुटतो तिथेच हवा.

यापुढे काम पहाटे साडेपाच ते साडेनऊ. वर पाणी नाही. टाक्यातलं पिण्याजोगं नाही. माणशी तीन लिटर खालून न्यायचं.

२० एप्रिल. फलक आणि अंतराच्या खुणा

झाडाला खिळा नाही, झाडावर रंग नाही. दर १०० मीटरवर जमिनीतल्या दगडावर ४० सेंटिमीटर उंचीच्या आत पिवळा आकडा, १ ते ११. कोणी पडलं तर फोनवर ‘सातच्या पुढे’ एवढं सांगता आलं पाहिजे. तटाजवळच्या पट्ट्यात खुणा सुट्या, वजनदार दगडावर. फ्लेक्स टाळले, इथल्या उन्हात एका उन्हाळ्यात विरतात आणि वानरं कडा ओढतात. २ मिलिमीटरचा पत्रा, इनॅमल रंग, नटाऐवजी रिवेट. नट चोरीला जातात.

माहितीफलकाचा मजकूर तीनदा बदलला. पहिल्या मसुद्यात बख्त बुलंद शाहनं १७०२ च्या सुमारास वसवलेलं नागपूर, नोव्हेंबर १८१७ ची सीताबर्डीची लढाई, १८५३ साली रघुजी तिसरे वारल्यावर खालसा झालेलं राज्य, सगळं होतं. सगळं खरं आणि या दरवाजासमोर उभ्या असलेल्या माणसाला निरुपयोगी. आता फलकावर चार ओळी: वाट दरवाजाच्या आधी काटकोनात का वळते (हत्तीला किंवा ओंडक्याला धाव घ्यायला सरळ जागा मिळू नये म्हणून), वळणावर तट डोक्यावर का येतो, आणि पायाखालच्या तिरप्या दगडी ओळी कशासाठी आहेत.

२६ मे. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस)

खोदकाम बंद. सकाळी फक्त तोंडं साफ केली, ३४ पैकी ३४. सुकलेली पानं, वाळवीची माती, आणि कडेला हळूहळू तयार झालेला बोटभर बांध. चालणाऱ्यांच्या बुटांनी माती बाहेर सरकून तो आपोआप होतो, फावड्यानं खाली ढकलला. ही फेरी दरवर्षी मृगाआधी झालीच पाहिजे, ती चुकली तर वर्षाचं काम वाया.

२२ जून. पहिला मोठा पाऊस

पाऊस चालू असताना दोघं छत्री घेऊन वर. पाणी कुठे जातं हे पावसातच दिसतं, नंतर फक्त खुणा राहतात. जुन्या ३१० मीटरमध्ये मोकळ्या केलेल्या सगळ्या तिरप्या ओळींतून पाणी बाहेर पडत होतं. भिंतीतल्या त्या कमी ठेवलेल्या दगडाच्या जागी बोटभर धार.

१३ जुलै. तपासणी

नव्या ३४ पैकी २७ उलट चढ ठीक. चारांत गाळ, काढला. तीन फुटले: ९, १४, २२. नऊ आणि बावीसच्या वरचं अंतर ३० मीटरच्या पुढे गेलं होतं, आखताना झाड वाचवण्यासाठी पुढे सरकवले होते. दोघांच्या वर मध्ये एकेक नवा घातला. चौदाचं कारण कळायला वेळ लागला: वरच्या जंगलातून एक छोटी पाणवाट नेमकी त्याच्या दोन मीटर वर वाटेवर उतरते, ऑक्टोबरात कोरडी असल्यानं दिसली नव्हती. तिथे उलट चढ पुरणार नाही. वाटेवर सपाट दगडांची फरसबंदी, दोन मीटर रुंद, मध्य खोलगट. पाणी वरून जाऊ द्यायचं, पाइप नाही. पाइप पानांनी तुंबतो.

पायऱ्या: ११ वी डुलते. काढून चिपा परत ठोकल्या. बाकी सतरा हलल्या नाहीत.

उचललेल्या ६० मीटरमध्ये मुरूम दोन ठिकाणी चिखल झालाय, खाली चिपा कमी पडल्या. पावसाळ्यात हात लावायचा नाही, ओल्यात काम केलं की आणखी बिघडतं.

२७ जुलै

चौदाची फरसबंदी पूर्ण, सहा मोठे क्वार्ट्झाइट, खालच्या कडेला दोन गाडलेले. २० लिटरची चाचणी घ्यायची गरज पडली नाही.

गवत गुडघ्याच्या वर. वाटेच्या दोन्ही बाजूंना एक मीटर कापलं. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण आढळले होते. अशा गवतातल्या बारीक किड्यांच्या अळ्या चावून तो होतो. पँट मोज्यात खोचायची, गवतावर बसायचं नाही, घरी गेल्यावर कपडे गरम पाण्यात. ताप आला आणि अंगावर कुठे काळी खपली दिसली तर डॉक्टरांना जंगलात काम केल्याचं सांगायचं. कापणाऱ्या सगळ्यांना हे तोंडी सांगितलं, हत्यारांच्या पेटीच्या झाकणालाही चिकटवलं.

जुन्या घळीतल्या ३१ बांधांपैकी २६ गाळानं भरले, पाच ढासळले. घाणेरीची रोपं वीतभर, खिंडीत सर्वांत दाट.

पुढची फेरी २४ ऑगस्ट, तान्हा पोळा झाल्यावर. आणायचं: टिकास ४, विळे ६, गमबूट, १४ आणि २२ चे फोटो आधीच्याच कोनातून.